नख उमटलं पाहिजे

“उघड की रं तोंड, मुडद्या!” ताईबाईंनी कुत्र्याच्या पिल्लाचा जबडा धरला. गुळ्यानं मान झटकली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि पुढचे पाय तो सारखा तोंडावर घासत होता. सकाळपासून पाण्याचा थेंब आत गेला नव्हता.

“आत्या, बोट नका घालू, चावंल,” सून दिशा म्हणाली.

“चावतंय कसलं! तूच आणलास ना बारामतीवरनं त्यो शिंगाचा तुकडा? दात शिवशिवत्यात म्हणं पिल्लाचं. कुत्र्याला दुकानातनं चघळायला आणतंय व्हय कुणी? अडकला बघ. आता बस बोंबलत.”

दिशानं शिंगाचा उरलेला तुकडा उचलून पिशवीत टाकला. तिलाही तेच वाटत होतं. तिच्या नवऱ्यानं, संघपालनं गाडी काढली. लासुर्ण्याहून इंदापूर येईपर्यंत ताईबाई मागच्या सीटवरून सुनेचा उद्धार करत राहिल्या. पिल्लू मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाच्या मांडीवर जाऊ दिलं नाही. अर्ध्या वाटेत ते त्यांच्या लुगड्यावरच ओकलं. दिशानं टॉवेलनं पुसून घेतलं आणि टॉवेल तसाच गुंडाळला, डॉक्टरांना दाखवायला.

जनावरांच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली. “टाळूला आडवं बसलंय.” त्यांनी इंजेक्शन दिलं, चिमटा घातला आणि एक टोकदार चिरफळी बाहेर ओढली. टोकाला रक्त होतं. गुळ्या थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग धडपडत उठला आणि भांड्यातलं पाणी लपालपा पिऊ लागला.

दिशानं पिशवीतून शिंगाचा तुकडा काढला. “याचंच हाय का ते?”

डॉक्टरांनी तुकड्यावर अंगठ्याचं नख दाबलं. “नाही. पण हेही देऊ नका. नख उमटतंय का बघा. नाही ना? मग पिल्लाच्या दाताला हे कडकच. दात मोडेल त्याचा. नख दाबलं की उमटलं पाहिजे, असं काहीतरी द्या. मऊ रबर द्या, गाजर द्या, आणि तेसुद्धा समोर बसून.” त्यांनी चिरफळी उजेडात धरली. “ही शिजवलेल्या हाडाची आहे. शिजलं की हाड असं चिरफळतं. घरातलं कोण देतं हाडं?”

“काल मटण होतं,” संघपाल म्हणाला. “पण हाडं मी सोता खड्ड्यात पुरली. कुणी घातलं गं याला?”

ताईबाई भिंतीवरचं म्हशीचं चित्र बघत होत्या.

डॉक्टरांनी टॉवेल उलगडला. “नुसतं हाड नाही. मटणाच्या अख्ख्या फोडी आहेत. फार लाडाचं दिसतंय.”

दिशा वाकली. फोडींना कुणाचा दात लागलेला नव्हता. तिच्या घरात मटणाची फोड कुणी टाकत नसे. शेवटची कुणी घ्यायची यावर भांडणं होत. सगळ्यात जास्त फोडी जात सासूच्या ताटात, आणि नळीही तिथंच. सासरे गेल्यावर पहिल्यांदा मटण झालं, तेव्हा नळी आपसूक संघपालला वाढली गेली होती. ताईबाईंनी पंगतीतून हात लांब करून ती आपल्या ताटात घेतली होती. “मी मेल्यावर खा,” म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या मानाला कुणी हात लावला नव्हता.

मग दिशाला बाकीचंही आठवलं. आताशा भाकरी रश्शात भिजून लगदा झाल्याशिवाय त्या खात नव्हत्या. शेंगदाणे कुटून मागत होत्या. पेरू आणला तर “त्यात काय चव हाय!” म्हणून बाजूला सारत होत्या. आणि मटणाच्या दिवशी त्या ताट घेऊन बाजेवर बसल्या, की पिल्लू त्यांच्याच बाजेखाली जाऊन बसत होतं.

“कुणी घातलं, इचारतोय मी,” संघपालनं आवाज चढवला.

“माझ्याच ताटातलं पडलं असंल,” दिशा म्हणाली. “ध्यान नव्हतं माझं.”

ताईबाईंनी चित्रावरची नजर काढून सुनेकडं पाहिलं.

परतीच्या वाटेवर संघपालनं बायकोला धारेवर धरलं. एवढी शिकलेली, आणि एवढी अक्कल नाही. ऊस कारखान्याला घेऊन निघालेला ट्रॅक्टर पुढं आडवा आला तरी तो मागं वळूनच बोलत होता.

“गप की रं,” ताईबाई खेकसल्या. “रस्त्याकडं बघ. मारतोस का समद्यास्नी?”

पुढच्या रविवारी पुन्हा मटण शिजलं. दिशानं त्या दिवशी कुकर जरा उशिराच उतरवला. बाहेर संघपाल पंगतीला बसून ताट वाजवत होता. गुळ्या दाराशी लाल रबराचं कडं चघळत पडला होता. आत दिशानं सासूच्या ताटातल्या भातावर नळी आपटून मगज काढला, भातात कालवला आणि रिकामी नळी वर उभी ठेवली, बाहेर सगळ्यांना दिसेल अशी. मग एकेक फोड उचलून तिच्यावर अंगठ्याचं नख दाबू लागली. उमटलं तर ताटात, नाहीतर परत भांड्यात.

पाण्याचा तांब्या घ्यायला आलेल्या ताईबाई चौकटीत थांबल्या. दिशाचा हात तसाच राहिला. सासूची नजर फोडीवर गेली, नखावर गेली, उभ्या नळीवर गेली. बाहेर ताट वाजायचं थांबलं.

ताईबाई पुढं आल्या आणि त्यांनी स्वतःच ताट उचललं.

“नखं तरी कापलीस का गं?”