राजीनाम्याचा कागद

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मोतीबिंदूमुळे दोन वर्षं बंद होतं, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत. शेवटी लेकीने एक छापील कागद त्यांच्यासमोर नाचवला. "राजीनामा मंजूर झाला माझा. एकतीस तारखेला नोकरी संपणार आणि कंपनीचा आरोग्य विमाही. त्यात तुमचं ऑपरेशन बसत होतं. गेला आता वाया!" जुना स्क्रूसुद्धा न फेकणारे बाबा ताठ बसले. "वाया कसा जाईल? अजून नऊ दिवस आहेत!" ऑपरेशन झालं. आठवड्याने बाबा दिसेल ते वाचत सुटले आणि त्या कागदाशी थांबले. "अगं, हे तर वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक! आणि नोकरी?" "आहे की शाबूत." "लबाड कुठली!" बाबा खदखदून हसले. "आण ते तुझं घड्याळ. सेकंदकाटा अडखळतोय." दोन वर्षं तिने ते दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला दिलं नव्हतं.