पाहुण्याचे उरलेले सहा दिवस

माग काढण्यात कापुइरेचा हात धरणारा ओमारुरूच्या रानात दुसरा नाही, असं निदान कापुइरे तरी सांगायचा. शिकारीला आलेल्या वॉल्टरसमोर ते सिद्ध करायची त्याला इतकी घाई झाली, की सात दिवस पुरवून शोधायचं कुडू हरीण त्याने पहिल्याच सकाळी समोर उभं केलं. बार झाला, शिकार आटोपली, आणि उरलेले सहा दिवस पाहुण्याला कुठे फिरवायचं हे लोढणं त्याच्याच गळ्यात पडलं.

शेवटी तो त्याला आपल्या गोठ्यावर घेऊन गेला. बायकोने, वेझेम्बुआने, पाहुण्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि झाडाला टांगलेल्या, दूध भरलेल्या पोकळ भोपळ्याकडे बोट दाखवलं. "रिकामाच बसलायस ना, बाबा? मग हा हलव. लोणी आल्याशिवाय थांबायचं नाही." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही वासरांना पाणी आणा."

सहा दिवस वॉल्टर भोपळा हलवत, तिची बोलणी खात खुशीत राहिला. कापुइरे बादल्या वाहत राहिला.

वर्षभराने वॉल्टरचं पत्र आलं, तेही वेझेम्बुआच्या नावाने. यंदा बंदूक आणत नाही, सातही दिवस तुमच्या गोठ्यावरच राहीन, असं त्याने लिहिलं होतं.

"आणि माझ्याबद्दल?" कापुइरेने मिशीवरून हात फिरवत विचारलं.



"लिहिलंय की. पाणी भरणारा गेल्या वेळचाच असला तरी चालेल, म्हणतोय."