कपाटातला हीटर

दाराची कडी वाजली तेव्हा हीटर चटका बसण्याइतका तापलेला होता. बाईने प्लग उपटला, हीटर चादरीत गुंडाळून कपाटात कोंबला आणि कपाळावरचा घाम पुसला. खाटेवर तिचे मास्तर खोकले.

"जरा कळ काढा," ती नवऱ्याला कुजबुजली. "तपासनीस आलाय."

गेल्या हिवाळ्यात ज्यांच्याकडे हीटर सापडला, त्यांची विजेची सवलत बंद झाली होती. हीटर परवडतो, मग तुम्ही गरीब कसले, हे सरकारी डोकं. सवलत गेली की हीटर लावणं तिला झेपणार नव्हतं. आणि गारठ्यात मास्तरांची छाती महिनाभरही टिकायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून गल्लीने तजवीज केली होती. तपासनीस दिसला की शेजारच्या शिवणवालीने भिंतीवर तीन थापा मारायच्या, हिने त्या पलीकडच्या भिंतीवर पोचवायच्या. आज थापा आणि कडी एकदमच वाजली, तरी हिने आपलं काम चुकवलं नाही.

तपासनीस तरुण होता, पण नजर घारीची.

"काकू, घर गरम ठेवायला काय वापरता?"

"गोधड्या."

"आणखी काही?"

"दोन स्वेटर. एक त्यांचा, एक माझा."

तो हसला नाही. मास्तरांच्या उशाशी जाऊन उभा राहिला. खोली उबदार होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"हीटर नक्की नाही? नीट आठवून सांगा."

"नाही हो. तेवढी ऐपत असती तर तुमच्यापुढे हात कशाला पसरला असता?"

खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान पिळण्यात ज्यांचा जन्म गेला, ते मास्तर भिंतीकडे तोंड करून गप्प पडले होते.

कपाटातून करपल्याचा वास येऊ लागला. तपासनिसाने कपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती कपाटापुढे येऊन उभी राहिली.

"काकू, शेवटचं विचारतो," तो हळूच म्हणाला. "एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही."

"लिहा. नाही म्हणूनच लिहा."

त्याने लिहिलं. तिने सही केली.

तो बाहेर पडताच तिने हीटर पुन्हा मास्तरांच्या पायाशी लावला. "सुटलो हो," म्हणताना तिला रडू कोसळलं. मग ती खिडकी लावायला गेली. तपासनीस फाटकाशी उभा राहून फोनवर बोलत होता.

"नाही साहेब, याही घरात नाही. अख्ख्या गल्लीत एक हीटर निघाला नाही. आधी सांगू नका, लोक खोटं बोलतील, असं तुम्हीच बजावलंत. आता यंदा ज्या आजाऱ्याकडे हीटर असेल, त्याचं हिवाळ्याचं सगळं बिल सरकार भरणार, ते भरायचं कुणाचं?"