राहून गेलेली दुरुस्ती

गेम खेळताना एकमेकांशी बोलता यावं म्हणून त्याने एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला फुकट वाटलं: कुणीही घ्या, हवं तसं वापरा. गंमत म्हणून त्यात आवाज बदलायची सोयही ठेवली. तिच्यात एकच खोट होती. मोठ्या माणसाचा जाड आवाज बारीक केला, की हसताना तो टर्रकन फाटायचा. उद्या-उद्या करत ती दुरुस्ती राहूनच गेली.

आज आठ वर्षांच्या लेकीने खेळता खेळता त्याच्या कानाला हेडफोन लावला. "बाबा, माझी नवी मैत्रीण! माझ्याएवढीच आहे. उद्या शाळा सुटली की तिचे बाबा आम्हाला गाडीतून फिरवणार आहेत."

"नमस्कार, काका," पलीकडून बारीक, गोड आवाज आला. मग मैत्रीण खुदकन हसली.

हसू टर्रकन फाटलं.