खडूचे आकडे

खळ्यावरचं जुनं लाकडी कोठार एकाही खिळ्याविना, नुसत्या खुंट्यांवर उभं होतं. "दादा, दुरुस्तीसाठी सुटं करून पुन्हा उभं करू या. कुठली तुळई कुठे बसते, ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?" धाकटा म्हणाला आणि सुतारकाम करणाऱ्या थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठवडाभर शिडीवर चढून त्याने खांबाखांबावर, तुळईतुळईवर खडूने आकडे घातले.

सोमवारी ट्रक आला. उतरलेल्या माणसाने आकडे पाहून मान डोलावली. "वा! सौदा करताना पुन्हा जुळेल की नाही, हीच धास्ती होती. आता आमच्या हॉटेलाच्या आवारात हे जसंच्या तसं उभं राहील."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने नजर चुकवली आणि हातोडा पुढे केला.

"दादा, आढ्याची खुंटी तेवढी तूच काढ. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"