हसण्याची नोकरी

हॉटेलच्या मॅनेजरने तिला पाहुण्यांच्या देखतच काउंटरवरून उठवलं. तक्रारी येतात, असं त्याचं म्हणणं. बाई बोलते ती स्वतःशी पुटपुटल्यासारखी, आणि चेहरा असा करते, जणू पाहुणा खोली नाही, उसनवारी मागायला आलाय.

"तुम्हाला किल्ल्या द्यायला नाही, हसायला ठेवलंय," तो म्हणाला. "सुतकी तोंड घरी ठेवून येत चला."

हा स्वतः अखंड हसायचा. पाहुणा आला की दात बाहेर, पाहुण्याची पाठ वळली की त्याच दातांआडून सफाईवाल्यांना आईवरून शिव्या. हॉटेलातली माणसं त्याला मागून 'बत्तिशी' म्हणत.

तिची रवानगी तळघरात झाली, चादरी-टॉवेलांच्या खोलीत. तिथे घड्या घालताना तिच्या लक्षात आलं, की उजवा हात डाव्याच्या मागे राहतोय. काम सांगितलं की करतो, पण उपकार केल्यासारखा. खांदा तर कधीचा आखडलेला. हाडांच्या डॉक्टरने मान वर न करता 'वय झालं' म्हटलं होतं आणि शेकायला सांगितलं होतं. तिला पन्नाशीही लागली नव्हती. काउंटरवरच्या फुलांना वास येईनासा झाला, तेव्हा बत्तिशीने पैसे खायला स्वस्तातली फुलं आणली असतील, असं समजून तिने सोडून दिलं होतं.

घरी नणंदेने निदान आधीच करून टाकलं होतं. वहिनीला माज आलाय. हॉटेलातली नोकरी डोक्यात गेलीय. आपण एवढं बोलतो आणि हिच्या तोंडावरची माशी हलत नाही.

पुढे ताप आला म्हणून ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. ताप राहिला बाजूला, तो तिच्या चालण्याकडेच बघत बसला. तिचा उजवा हात अंगाला चिकटवल्यासारखा, झुलतच नव्हता. त्याने तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. टिचक्या सुरुवातीला मोठ्या, मग बारीक होत होत विझून गेल्या. मनगट फिरवून पाहिलं, तर ते दातेरी चाकासारखं अडखळलं. एक वाक्य लिहायला सांगितलं. अक्षरं ओळीच्या शेवटी मुंग्यांएवढी झाली. मग पाठीमागे उभं राहून त्यांनी तिचे खांदे झटक्यात ओढले आणि तोल जातो का ते पाहिलं.

"पार्किन्सन्स वाटतोय," त्या म्हणाल्या.

तिने आपले हात पुढे धरले. थरथर कुठेच नव्हती.

"सगळ्यांना नसते," त्या म्हणाल्या. "काहींचा आधी वास जातो, मग अंग मंदावतं, आखडतं. चेहरासुद्धा. हसायलाही स्नायूच लागतात."

मेंदूत डोपामीन नावाचं द्रव्य तयार होतं, हालचाल त्याच्या जोरावर चालते, आणि तिच्यात ते कमी पडत होतं, असं त्यांनी समजावलं. एका रक्ताच्या तपासणीत कळेल असं हे दुखणं नव्हतं. मेंदूचा फोटो काढला तो दुसरं काही नाही ना, एवढं पाहायला. खरी खात्री अंग तपासून आणि गोळीने फरक पडतो का ते पाहूनच. आजार जायचा नाही, पण काबूत राहील. गोळी वेळच्या वेळी घ्यायची, रिकाम्या पोटी, आणि व्यायाम चुकवायचा नाही. पुढे कधी एका गोळीचा असर दुसरीच्या आधीच उतरायला लागला, तर येऊन सांगायचं, मात्रा बदलता येते.

ती बाहेर येऊन बाकावर बसून रडली. रडतानाही चेहरा हलला नाही. शेजारची बाई मजेत आपल्या मुलाशी गप्पा मारत राहिली.

गोळी हळूहळू लागू पडली. हात सैल झाला, आवाज फुटला. एका सकाळी दात घासताना आरशात ओठांचा कोपरा वर गेला आणि ती दचकलीच.

नणंद फळं घेऊन भेटायला आली. डोळे पुसत म्हणाली, की आता कळलं, आम्हाला उगाच वाटायचं तुम्हाला आमचा तिटकारा आहे. तिने नणंदेला पाणी दिलं. आजार खरा होता आणि तिटकाराही खरा होता, पण हे सांगायची गरज तिला वाटली नाही.

काउंटर मात्र परत मिळेना. बत्तिशी म्हणायचा, पाहुण्यांसमोर आजारी माणूस बरं दिसत नाही. पण हॉटेलची मालकीणबाई पाहणीला आली, तसा त्याने तिला तळघरातून वर बोलावून घेतलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो सांगत सुटला. यांना केवढा आजार झाला, आणि आम्ही कसं घरच्या माणसासारखं सांभाळून घेतलं.

मालकीणबाईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिला बसवून घेतलं आणि औषधाचा त्रास तर होत नाही ना, असं विचारलं. हे तिला घरात आणि हॉटेलात अजून कुणीच विचारलं नव्हतं. ती हसली. ओठांनी, गालांनी, डोळ्यांनी.

"बघितलंत?" बत्तिशी पुढे झाला. "उद्यापासून काउंटरवरच बसवतो. हं, ताई, आता जरा माझ्याकडे बघून हसा. पाहुणा समजा मला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

तो मालकीणबाईकडे वळून समजूतदारपणे म्हणाला, "गोळी उतरली असेल. असं होतं यांचं."

"नाही, साहेब," ती म्हणाली. "गोळी आत्ता ऐन भरात आहे."