दहावा हिस्सा

"हात बदल," ओकबुन म्हणाली. "मी अजून मेले नाहीये."

मालसुनचा होणारा जावई कमरेत वाकला होता तो तसाच अवघडून राहिला. पोटाशी हात धरलेले, उजवा वर, डावा खाली. कुठं चुकलं ते त्याला कळेना.

"बाप्याचा डावा हात वर, बाईचा उजवा. मयतापुढे तेवढे उलटे. आईनं शिकवलं नाही वाटतं?"

"असू दे गं ताई," मालसुन म्हणाली. "पोरगं घाबरलंय."

"घाबरलं म्हणून काय मला पुरून टाकणार?"

बायका हसल्या. कालपासून पहिल्यांदाच. पोरानं घाईघाईनं हात बदलले, पुन्हा वाकून नमस्कार केला, आणि बायकांच्या नजरा परत टीव्हीकडे वळल्या.

बुसानच्या मासळीबाजारातल्या साऱ्या जणी आज ओकबुनच्या सूपभाताच्या दुकानात येऊन बसल्या होत्या. रबरी बूट, रबरी एप्रन, तशाच. पुढ्यातल्या वाडग्यांवर चरबीची साय धरली होती. चमच्याला कुणी हात लावला नव्हता. काल भरदुपारी तेशिकच्या कंपनीवर, त्याच्या क्रिप्टो कॉइनच्या एक्स्चेंजवर, दरोडा पडला होता. कुलूप तुटलं नाही, माणूस आत शिरला नाही. जे होतं ते नव्हतं झालं, एवढंच. तेशिक ओकबुनचा एकुलता एक, आणि या बायकांनी आपली पुंजी त्याच्याकडे ठेवली होती ती ओकबुनच्या शब्दावर. "बँकेतल्या टायवाल्यांची तोंडं काय बघता? माझा पोरगा आहे ना!" असं ती याच कढईपाशी, हातात डाव घेऊन म्हणाली होती. मालसुननं लेकीच्या घरासाठी साठवलेलं सगळं तिथंच घातलं होतं. लग्न पुढच्या महिन्यात होतं. म्हणून तर जावई सोबत आला होता.

"लागलं, लागलं," कुणीतरी म्हणालं.

भिंतीवरच्या टीव्हीत तेशिक आला. काळा कोट, दोन्ही अंगांना दोन वकील. रात्रभर जागा असावा. हातातला कागद त्यानं मान वर न करता वाचला. चोरीचे कॉइन कुठं फिरताहेत ते आम्हाला दिसतं आहे. जो ते परत करील त्याला दहावा हिस्सा बक्षीस, त्याच्यावर खटलाही भरणार नाही. माग काढून देणाऱ्यालाही तेवढंच बक्षीस. एकाही ग्राहकाचं नुकसान होऊ देणार नाही.

"म्हणजे चोरालाच बक्षीस?" ओकबुन फणकारली. "उद्या माझी कढई कुणी पळवली तर त्याला काय आधी जेवायला वाढू?"

"वाढ की!" मालसुन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एक वाटा खाऊ दे मेल्याला, नऊ तर परत येतील. कसं ठासून बोलला बघ तुझा लेक! ताई, माझ्या जिवात जीव आला गं."

"माझं पोर आहे ते," ओकबुन म्हणाली आणि पदरी पुण्य पडल्यासारखी ताठ झाली.

टीव्हीत तेशिकनं कागद वकिलाकडे दिला. दोन पावलं पुढं आला. पोटाशी हात बांधले आणि देशाची माफी मागायला वाकला. तो बराच वेळ वाकून राहिला, तसा कॅमेरा त्याच्या हातांवर गेला.

वर ठेवलेल्या हातावर भाजल्याचा डाग होता. लहानपणी याच कढईत हात घातल्याचा डाग. उजव्या हाताचा.

ओकबुनच्या हातातला डाव कढईच्या काठावर आपटला.

बापाच्या मयतात अकरा वर्षांच्या तेशिकचे हात तिनं स्वतः धरून उलटे ठेवले होते. त्यानंतर त्याची कधी चूक झाली नाही. सणावारी चुलतभावंडांचे हात तोच सरळ करायचा. आज वकिलांच्या कागदातला एक शब्द त्याला हलवता येत नव्हता. हात मात्र त्याचे होते. आणि आई टीव्हीसमोर असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चोर सापडायचा नव्हता. बक्षीस मागायला कुणी यायचं नव्हतं. बायकांची सगळी पुंजी कधीच मरून गेली होती, आणि हा मढ्यावर इनाम लावून बसला होता.

"ताई, सूप जरा गरम करून दे," मालसुननं वाडगा पुढं केला. "आता कुठं भूक लागली बघ. यालाही वाढ. घरचाच झाला आता."

बाकीच्यांनीही वाडगे सरकवले. कुणीतरी मुळ्याची किमची मागितली. एकजण जावयाला चिडवू लागली की घर मिळालं, आता पाळण्याचं बघ.

ओकबुननं वाडगा घेतला नाही. तिनं खाली वाकून कढईखालचा गॅस बंद केला. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा त्या कढईखालचा जाळ विझला नव्हता. सुईंऽऽ करत उकळी बसली, तशा बायका बोलायच्या थांबल्या.

"काय झालं गं?" मालसुन म्हणाली.

ओकबुननं एप्रन सोडला, घडी करून फळीवर ठेवला. कढईमागून बाहेर आली. साऱ्या जणींच्या समोर, मधोमध उभी राहिली. पोटाशी हात बांधले आणि कमरेतून खाली वाकली.

कुणाला काही उमजेना. जावयानं तेवढं पाहिलं. नुकतंच शिकला होता.

"काकू," तो हळूच म्हणाला, "डावा हात वर आलाय तुमचा."

ओकबुन वर उठली नाही.